केटी टेलरला पुन्हा विश्वविजेती का व्हावं लागलं?

नोव्हेंबर २००६ मध्ये महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा नवी दिल्लीत भरली होती. आपल्याकडच्या बातम्यांत तेव्हा मेरी कोम आणि सरिता देवी यांची नावं होती. दोघींनी सुवर्णपदकं जिंकली होती, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. त्याच स्पर्धेत ६० किलो वजनगटाचं सुवर्णपदक आयर्लंडची वीस वर्षांची एक मुलगी घेऊन गेली, पण तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तिचं नाव केटी टेलर. त्यानंतर २००८ मध्ये चीनमधलं निंगबो, २०१० मध्ये बार्बाडोसमधलं ब्रिजटाउन, २०१२ मध्ये पुन्हा चीन आणि २०१४ मध्ये दक्षिण कोरियाचं जेजू इथेही तिने सुवर्ण जिंकलं. म्हणजे सलग पाच वेळा विश्वविजेती.

आणि तरीही २८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कार्डिफमध्ये तिने एक लढत जिंकली, तेव्हा 'केटी टेलर विश्वविजेती झाली' अशी बातमी जगभर गेली. मग आधीच्या पाच विजेतेपदांचं काय झालं? मुष्टियुद्ध अधूनमधून पाहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर शोधताना हा खेळ चालतो कसा, हेही बऱ्यापैकी समजतं.

सुरुवात तिच्या गावापासून करू. ब्रे हे डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेलं गाव. २ जुलै १९८६ ला केटीचा जन्म झाला, त्याच वर्षी तिचे वडील पीट टेलर लाइट हेवीवेट गटात आयर्लंडचे राष्ट्रीय विजेते होते. पेशाने ते इलेक्ट्रिशियन. आई ब्रिजेट पुढे मुष्टियुद्धाच्या सामन्यांची परीक्षक झाली. अशा घरातल्या मुलीने अकरा-बाराव्या वर्षी हातात ग्लोव्ह्ज घातले यात विशेष काही नाही. अडचण पुढे होती. त्या काळात आयर्लंडमध्ये मुलींच्या अधिकृत लढतीच होत नव्हत्या. त्याआधी द्रॉहेडाची डीअर्ड्रा गोगार्टी हिला लढण्यासाठी थेट अमेरिकेत जाऊन राहावं लागलं होतं. १९९६ साली माइक टायसनच्या लढतीआधी लास वेगासमध्ये ती क्रिस्टी मार्टिनशी लढली. ती लढत जगाने पाहिली, पण मायदेशात तिला रिंगमध्ये उतरायला परवानगी नव्हती.

केटीने यातून वाट काढली ती अशी: यादीत नाव 'के. टेलर' एवढंच द्यायचं, केस हेडगार्डखाली दाबून बसवायचे आणि मुलांशी लढायचं. लढत संपली, हेडगार्ड निघालं की समोरच्या कोपऱ्यातल्या मंडळींना कळायचं आपण कुणाकडून हरलो ते. शेवटी ३१ ऑक्टोबर २००१ ला डब्लिनच्या नॅशनल स्टेडियमवर आयर्लंडमधली पहिली अधिकृत महिला लढत झाली. तिच्यात पंधरा वर्षांची केटी होती आणि ती जिंकली. (याच सुमारास ती फुटबॉलही उत्तम खेळत होती. आयर्लंडच्या वरिष्ठ महिला संघाकडून ती अकरा आंतरराष्ट्रीय सामने खेळली आहे. एका खेळात देशाचं प्रतिनिधित्व करणंच लोकांना आयुष्यभर पुरतं, ते असो.)

केटीची आधीची पाचही विजेतेपदं हौशी मुष्टियुद्धातली. त्याची रचना आपल्याला ऑलिंपिकमुळे ओळखीची असते. खेळाडू देशाचा असतो, राष्ट्रीय संघटना त्याला पाठवते. स्पर्धा आठ-दहा दिवसांची. सोडत निघते, समोर कोण येणार हे आपल्या हातात नसतं, आणि त्या थोड्या दिवसांत चार-पाच लढती जिंकल्या तर सुवर्ण. ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी वजन. लढत छोटी असते, त्यामुळे ताकद राखून ठेवण्याला फार अर्थ नसतो. पहिल्या घंटेपासून वेग लागतो, आणि वेग हीच केटीची खरी पुंजी. ती दोन पावलं आत येते, तीन-चार ठोसे एका दमात टाकते आणि समोरचीचा हात वळेपर्यंत बाजूला सरकलेली असते.

पण तिच्या खेळाला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महिला मुष्टियुद्धाला नकार दिला. ऑगस्ट २००९ मध्ये होकार आला, तोही हात आखडून: लंडन २०१२ साठी तीन वजनगट आणि सगळ्या मिळून ३६ महिला. त्या ३६ जणींत ५१ किलो गटात आपली मेरी कोम होती आणि ६० किलोमध्ये केटी. उद्घाटन सोहळ्यात आयर्लंडचा झेंडा केटीच्याच हातात होता.

लंडनच्या एक्सेल सभागृहात ९ ऑगस्टला अंतिम लढत झाली ती रशियाच्या सोफिया ओचिगावाशी. त्या काळची गुणपद्धत माहीत असली तर ही लढत नीट कळते. रिंगभोवती पाच परीक्षक, प्रत्येकापुढे बटणं. स्वच्छ ठोसा दिसला की बटण दाबायचं, संगणक बेरीज करणार. ठोसा किती जोराचा याला किंमत नाही, तो लागला की नाही एवढंच बघायचं. ओचिगावा डावखुरी आणि बिलंदर. ती स्वतः पुढे यायची नाही, केटी आली की परतून मारायची. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या. पहिलीअखेर २-२. दुसरीअखेर ओचिगावा ४-३ ने पुढे. तिसऱ्या फेरीत केटीने चार गुण काढले आणि समोरचीला एकच दिला, ७-५. शेवट १०-८. आठ मिनिटांच्या लढतीत दोन ठोशांचा फरक. मुष्टियुद्धात आयर्लंडला याआधीचं सुवर्ण १९९२ मध्ये मायकल कारुथने दिलं होतं.

चार वर्षांनी रिओमध्ये उलटं झालं. वडील तोवर तिच्या कोपऱ्यात राहिले नव्हते. लहानपणापासूनचा प्रशिक्षक आणि मुलगी वेगळे झाले होते, त्याची कारणं घरची आहेत. आणि उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडच्या मीरा पोटकोनेनने तिला परीक्षकांच्या विभागलेल्या निकालाने हरवलं. रिओमधल्या निकालांबद्दल इतका गदारोळ झाला की काही परीक्षकांना स्पर्धा चालू असतानाच बाजूला केलं गेलं आणि पुढे स्वतंत्र चौकशीत निकालांमधल्या हेराफेरीवर अहवाल आला. केटीच्या लढतीत तसं काही घडलं असं मला म्हणायचं नाही. पोटकोनेन चांगली लढली.

वय तीस, आता पुढे काय? तिने इंग्लंडमधला प्रवर्तक, म्हणजे लढती ठरवणारा आणि भरवणारा, एडी हर्न याच्याशी स्वतःहून संपर्क साधला आणि ती व्यावसायिक झाली.

'व्यावसायिक' म्हटलं की पैसे मिळतात एवढंच डोक्यात येतं. फरक त्यापेक्षा बराच मोठा आहे. इथे सोडत नाही, देश नाही, स्पर्धा नाही. एक प्रवर्तक दुसऱ्याशी बोलतो, तारीख, जागा, पैसे, वजन ठरतं आणि एक लढत होते. नाही जमलं तर होत नाही. दोन जबरदस्त मुष्टियोद्धे एकाच काळात, एकाच वजनात असूनही आयुष्यभर समोरासमोर येत नाहीत, असंही होतं. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. हेडगार्ड निघतं, बनियन निघते. महिलांच्या किताबी लढती दहा फेऱ्यांच्या असतात, प्रत्येक फेरी दोन मिनिटांची (पुरुषांच्या बारा, प्रत्येकी तीन मिनिटांच्या). आठ मिनिटांच्या वेगावर आयुष्य काढलेल्या माणसाला वीस मिनिटं टिकायचं असतं. शरीराला बसलेला मार सातव्या-आठव्या फेरीत वसूल होतो, हे हौशी खेळात शिकायला मिळतच नाही. केटी त्यासाठी अमेरिकेत कनेक्टिकटला गेली आणि रॉस एनामेट या प्रशिक्षकाकडे पुन्हा पहिल्यापासून शिकली.

सगळेच हा रस्ता धरतात असं नाही. डब्लिनची केली हॅरिंग्टन केटीच्याच ६० किलो गटात पुढे आली. तिने टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली आणि ती हौशीच राहिली. तिला कुणी कमी लेखत नाही.

आता विश्वविजेतेपदाचं कोडं. केटीच्या काळात हौशी खेळात एक जागतिक संघटना, एक स्पर्धा, एक विजेती होती. व्यावसायिक मुष्टियुद्धात मान्यता असलेल्या चार संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची स्वतःची क्रमवारी, स्वतःचा पट्टा, स्वतःचा विश्वविजेता, आणि किताबी लढतीमागे स्वतःचं शुल्क. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. २०२३ च्या नोव्हेंबरात दोन संघटनांनी महाराष्ट्र केसरी वेगवेगळी भरवली, फुलगावच्या आखाड्यात सिकंदर शेख केसरी झाला आणि धाराशिवला शिवराज राक्षे. खरा केसरी कोण, यावर पारापारावर वाद झाले. मुष्टियुद्धात हा वाद कायमचा आहे, आणि दोघांऐवजी चौघांत.

म्हणून तिथे खरा मान 'निर्विवाद' विजेत्याला: चारही पट्टे एकाच वेळी एकाच्या कमरेला. ते करायचं तर चौघांच्या विजेत्यांना एकेक करून गाठायचं, आणि तेवढ्या काळात आधीचे पट्टेही राखायचे.

केटीची पहिली व्यावसायिक लढत २६ नोव्हेंबर २०१६ ला लंडनमध्ये झाली. पोलंडच्या कारिना कोपिन्स्काविरुद्धची ही लढत तिसऱ्या फेरीतच रेफरीने थांबवली. त्यानंतर अकरा महिन्यांत ती सातव्या लढतीत थेट किताबापर्यंत पोहोचली. पुरुषांमध्ये यासाठी साधारणपणे पंधरा-वीस लढती आणि काही वर्षं जातात. महिलांच्या व्यावसायिक खेळात तेव्हा दर्जेदार खेळाडू कमी होत्या हे एक कारण, आणि केटीला शिकवणीच्या सोप्या लढतींची गरज नव्हती हे दुसरं. कार्डिफमध्ये समोर होती डब्ल्यूबीएची लाइटवेट विजेती, अर्जेंटिनाची अनाही सांचेझ. लाइटवेट म्हणजे कमाल १३५ पौंड, साधारण ६१.२ किलो. आदल्या दिवशी सांचेझ काट्यावर त्या मर्यादेत बसली नाही आणि तिचा किताब तिथेच गेला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पट्टा फक्त केटीलाच जिंकता येणार होता. तो तिने परीक्षकांच्या एकमताच्या निकालाने जिंकला.

पुढे एप्रिल २०१८ मध्ये ब्रुकलिनला व्हिक्टोरिया बुस्तोसकडून आयबीएफचा पट्टा, मार्च २०१९ मध्ये फिलाडेल्फियाला ब्राझीलच्या रोझ व्होलांतेकडून डब्ल्यूबीओचा. राहिला डब्ल्यूबीसीचा. तो २०१४ पासून बेल्जियमच्या डेल्फीन पर्सून हिच्याकडे होता. पर्सून पोलीस खात्यात नोकरी करायची आणि नोकरी सांभाळून लढायची.

१ जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघी लढल्या. पर्सूनचं तंत्र पुस्तकी नाही. हात कुठूनही येतात, पण थांबत नाहीत. उत्तरार्धात केटीचा चेहरा सुजला, पाय जड झाले. शेवटच्या घंटेनंतर निकाल आला: एका परीक्षकाकडे ९५-९५, दोघांकडे केटी ९६-९४. चारही पट्टे केटीचे. पर्सून रडत रिंगबाहेर गेली, आणि पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती जिंकली असं वाटत होतं. मलाही ती लढत कुणाचीही होऊ शकली असती असं वाटतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दोघी पुन्हा लढल्या. तेव्हा केटी तिन्ही परीक्षकांकडे पुढे होती.

हे ९५-९५, ९६-९४ म्हणजे काय, ते एकदा कळलं की केटीची पुढची सगळी कारकीर्द वाचता येते. व्यावसायिक लढतीत तीन परीक्षक असतात. प्रत्येक फेरी स्वतंत्र. फेरी जिंकणारीला १०, हरणारीला ९. समोरची खाली पडली किंवा फेरी अगदीच एकतर्फी झाली तर १०-८. दहा फेऱ्यांपैकी सहा जिंकल्या तर ९६-९४, सात जिंकल्या तर ९७-९३, पाच-पाच झाल्या तर ९५-९५. एखादी फेरी केसभराने जिंका की धुवून काढा, बहुतेक वेळा गुण तेवढाच.

आता ३० एप्रिल २०२२ ची लढत घ्या. पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पण त्या इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच रात्रीची मुख्य लढत दोन महिलांची. प्रेक्षक १९,१८७. समोर अमांडा सेरानो, जन्म पोर्टो रिकोचा, वाढलेली ब्रुकलिनमध्ये, सात वजनगटांत किताब जिंकलेली डावखुरी. डावखुरीचा उजवा पाय पुढे असतो, त्यामुळे नेहमीची अंतरं चुकतात आणि तिचा डावा हात सरळ मधून येतो. पाचव्या फेरीत सेरानोने केटीला कोपऱ्यात गाठलं. नाकातून रक्त, पाय लडखडले, ठोसे चुकवण्याइतकीही जागा नाही. रेफरी लढत थांबवणार असं वाटण्याचे काही क्षण त्या फेरीत होते. केटी सेरानोला बिलगून, दोरांना टेकून घंटेपर्यंत उभी राहिली. मग सातव्या फेरीपासून तिने पाय परत मिळवले आणि आत-बाहेर करत एकेक फेरी काढली.

निकाल: एक परीक्षक सेरानोकडे, ९६-९४. दुसरा केटीकडे, ९७-९३. तिसराही केटीकडे, पण त्याचे आकडे जरा विचित्र, ९६-९३. बेरीज करून बघा. त्याने केटीला सात फेऱ्या आणि सेरानोला तीन दिल्या होत्या, म्हणजे ९७-९३ व्हायला हवं. पण पाचवी फेरी त्याने सेरानोला १०-८ दिली, म्हणून केटीचा एक गुण गेला. ज्या फेरीने अख्खं सभागृह उभं राहिलं, तिची कागदावरची जास्तीची किंमत एका परीक्षकाकडे एक गुण, बाकी दोघांकडे शून्य. ही पद्धत अन्यायाची वाटते खरी. पण दहा वेळा नव्याने सुरुवात करायला मिळते, हीच या खेळाची गंमत असं मानणाऱ्यांत मी आहे.

दोन मिनिटांच्या फेरीचा प्रश्न इथेच येतो. पाचवी फेरी तीन मिनिटांची असती तर? सेरानोला तो एक मिनिट हवा होता यात शंका नाही. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती एक किताबी लढत पुरुषांप्रमाणे बारा फेऱ्या, तीन मिनिटं अशी लढली. आणि डब्ल्यूबीसी महिलांना तशी मुभा देत नाही म्हणून तिने त्या संघटनेचा पट्टा सोडून दिला.

आयर्लंडमध्ये मात्र व्यावसायिक केटी अजून लढलीच नव्हती. तिच्या मनात क्रोक पार्क होतं, डब्लिनचं ८० हजारांहून जास्त लोक मावणारं मैदान. खर्चाचं गणित जमलं नाही आणि २० मे २०२३ ला लढत थ्रीअरिना या बंदिस्त सभागृहात झाली. समोर इंग्लंडची शँटेल कॅमेरॉन, लाइट वेल्टरवेटची, म्हणजे १४० पौंडांची निर्विवाद विजेती. केटी स्वतःचं वजन सोडून एक पायरी वर गेली होती. कॅमेरॉनने तिला सरळ मागे रेटलं. ९५-९५, ९६-९४, ९६-९४, तिन्ही आकडे ओळखीचे, फक्त या वेळी उलट्या बाजूने. घरच्या माणसांसमोर तिची व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली हार. वय छत्तीस.

त्याच नोव्हेंबरात, त्याच सभागृहात तिने पुन्हा कॅमेरॉनलाच बोलावलं. आधी एखादी सोपी लढत घ्यावी असा सल्ला अशा वेळी कुणीही दिला असता. या खेपेला केटी जागेवर उभी राहिली नाही. मारलं की लगेच बिलगायचं, मिठी सुटली की बाजूला. देखणी लढत नव्हती ती, पण ९८-९२, ९६-९४ आणि एक ९५-९५. दुसऱ्या वजनगटातही चारही पट्टे.

सेरानोशी दुसरी गाठ १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्ससमध्ये पडली, माइक टायसन आणि यूट्यूबमुळे नाव झालेला जेक पॉल यांच्या लढतीच्या आधी. टायसनची लढत कंटाळवाणी झाली आणि लोकांच्या लक्षात राहिली ती ही. डोकी आदळून सेरानोच्या डोळ्यावर खोल जखम झाली आणि आठव्या फेरीत रेफरीने केटीचा एक गुण कापला. निकाल तिन्ही परीक्षकांकडे सारखाच: ९५-९४, केटी. पुन्हा तीच बेरीज. सहा फेऱ्यांचे ९६-९४, त्यातून दंडाचा एक वजा. म्हणजे तिघांनीही केटीला सहा फेऱ्या दिल्या. दुसरीकडे ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या आकड्यांत सेरानोचे ३२४ ठोसे लागले होते आणि केटीचे २१७. लंडन २०१२ ची बटणपद्धत असती तर? तेव्हाची बटणं आणि हे आकडे एकाच मापाचे नाहीत, पण शंभराहून अधिक ठोशांची तफावत कुठल्याही बेरजेत लपली नसती. फेरीनिहाय गुण दिले की एका फेरीत जास्तीचे मारलेले तीस ठोसे पुढच्या फेरीला उपयोगी पडत नाहीत. सेरानोचे चाहते त्या रात्री संतापले ते उगीच नव्हे. दंडाचा गुण एकऐवजी दोन असता तर लढत बरोबरीत सुटली असती.

११ जुलै २०२५ ला तिसरी लढत झाली. पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन, या वेळी संपूर्ण कार्यक्रमच महिलांच्या लढतींचा. एकोणचाळीस वर्षांच्या केटीने आधीच्या दोन्ही लढतींतली मारामारी टाळली. ती लांब राहिली, सेरानोला पुढे येऊ दिलं, ठोसा टाकून पुन्हा लांब गेली. प्रेक्षकांना ते फारसं रुचलं नाही. दोन परीक्षकांनी ९७-९३ दिले, तिसऱ्याने ९५-९५. या लढतीअखेर एकूण २६ व्यावसायिक लढती, २५ विजय. त्यांपैकी वेळेआधी संपवलेल्या सहाच, बाकी सगळ्यांचा निकाल परीक्षकांच्या कागदावर लागला.